कोण्या पुस्तकातून उचललं

खैरटोल्याच्या सार्वजनिक वाचनालयात जेवढी पुस्तकं होती तेवढी सगळी चंद्रभानने वाचली होती, आणि त्यातलं एकही त्याला आवडलं नव्हतं. हे तो लपवतही नसे. कोणी पुस्तक मागायला आला की चंद्रभान ते कपाटातून काढी, मेलेली पाल उचलावी तसं दोन बोटांत धरी आणि देता देताच त्याचा निकाल लावून टाकी.

"ने. पंधराव्या पानावर भागीदार येते, तोच खुनी हाये. बाकीचा कागद वाया गेला."

घेणारा बिचारा पुस्तक घेऊन जाई, पण त्याचा जीव त्यातून उडालेला असे. तरी लोक येत. खरं सांगायचं तर पुस्तकापेक्षा चंद्रभान काय बोलतो ते ऐकायलाच अर्धे येत.

पुस्तकं तरी कशी होती! दरवर्षी सरकारी अनुदान येई आणि नागपूरचा एक पुस्तकविक्या, जे कुठेच खपत नसे ते सुतळीने बांधून खैरटोल्याला पाठवून देई. गठ्ठ्यात काय निघेल याचा नेम नाही. एकदा विलायतेच्या प्रवासाचं पुस्तक निघालं. चंद्रभानने ते मोठ्या आशेने उघडलं, तर लेखक महाशय बोटीवर चढल्यापासून उतरेपर्यंत लोणच्याची आठवण काढून रडत होते. "एवढ्या दूर जाऊन याले लोणचंच दिसलं," चंद्रभान म्हणाला, "मंग घरी बसून बरणी उघडली असती तरी चाललं असतं." एक पुस्तक सुखी संसार कसा करावा याचं होतं. त्याच्या प्रस्तावनेत लेखकाने, आपण लग्नाच्या भानगडीत न पडल्यामुळेच हे चिंतन करायला सवड मिळाली, असं स्वतःच कबूल केलं होतं. स्वयंपाकाच्या पुस्तकात पानापानावर नारळ खवला होता. खैरटोल्यात नारळ दिसे तो देवापुढे, तोही फोडल्यावर मुलांच्या हाती पडे. कवितांच्या पुस्तकांचा त्याला विशेष राग. पानाच्या मधोमध चार ओळी आणि भोवती मोकळं रान. "एवढ्या जागेत एका माणसाचं घर झालं असतं," असं तो म्हणे.

पण सगळ्यात जास्त चीड यायची ती शेतकऱ्यांवरच्या कादंबऱ्यांची. एकीत नायक पौषातल्या थंडीत धानाचा रोवणा, म्हणजे पावसाळ्यातली लावणी, करत होता आणि वर बैलाच्या गळ्यात पडून दोन पानं बोलत होता. चंद्रभानचा मोठा भाऊ दादाजी दोघांची सामाईक शेती बघे. चंद्रभानने त्याला ती दोन पानं वाचून दाखवली. दादाजीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् बैल काय म्हणला?" त्या लेखकाने धान फक्त ताटात पाहिलंय, हा चंद्रभानचा निकाल मग गावभर झाला.

एवढं तोंड वाजवणाऱ्या माणसाला पुस्तकांवाचून मात्र एक दिवस निघत नसे. दुपारी खोलीचं कुलूप काढून कपाटासमोर बसला की त्याला बरं वाटे. शेतात त्याचा हात चालत नसे, चार माणसांत बसून पत्ते खेळणं त्याला येत नसे. ही खोली नसती तर खैरटोल्यात चंद्रभान कोणीच नव्हता, आणि हे त्याला पक्कं माहीत होतं.

खोली होती भैयाजींची. भैयाजी म्हणजे गावची धानाची गिरणी. गावात दुसरी पक्की इमारत नव्हती. गिरणीला लागून कोंड्याची पोती ठेवायची एक खोली होती, ती त्यांनी वाचनालयाला फुकट दिली होती. पुस्तकांना कोंड्याचा वास यायचा, पण उधई, म्हणजे वाळवी, लागायची नाही. मातीच्या घरात नेली असती तर एका पावसाळ्यात उधईने कपाटासकट सगळं फस्त केलं असतं.

अशात भैयाजींनी नाटक लिहिलं.

त्या उन्हाळ्यात भैयाजींची बायको, चंद्रभागाबाई, वारली. बायको गेल्यावर माणूस काशीला जातो, दारू धरतो, नाहीतर दुसरी करतो. भैयाजींनी गिरणीच्या ऑफिसात बसून तीन अंकी सामाजिक नाटक लिहिलं आणि भंडाऱ्याला छापून आणलं. दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, नाटक व्हायचंच. यंदा भैयाजींचं व्हायचं ठरलं. नाही म्हणतो कोण? नायकाच्या कामाला तुलाराम, नायिकेच्या कामाला इश्वर शिंपी, आणि प्रॉम्प्टर चंद्रभान. प्रॉम्प्टर दरवर्षी तोच असे.

खैरटोल्याच्या नाटकात प्रॉम्प्टर म्हणजे काय ते सांगायला हवं. तिथे नक्कल, म्हणजे आपल्या वाट्याची वाक्यं, कोणी पाठ करत नसे. धान कापणीला आलेलं. माणसं दिवसभर शेतात वाकलेली. पाठांतर करायचं कोणी आणि कधी? प्रॉम्प्टर पडद्याआडून वाक्य म्हणे, नट ते उचलून जोरात म्हणे. त्यात तुलाराम तर इमानी माणूस. जे कानावर पडेल ते, पडेल त्या क्रमाने, हातवारे करून म्हणायचं, एवढंच तो जाणे. मागे एकदा प्रॉम्प्टिंग करता करता चंद्रभानने "विडी दे रे कोणी" म्हटलं होतं, तेही तुलारामने राजाच्या आवाजात म्हणून टाकलं होतं.

नाटक चंद्रभानने आधीच वाचलं आणि कपाळाला हात लावला. गावच्या पाटलाचा दुष्ट मुलगा, हुंडा, दारू, एक आंधळा भजनी, आणि तिसऱ्या अंकात नायकाच्या बायकोचं मरण. पण तो गप्प राहिला. खोली भैयाजींची होती. भैयाजींनी विचारलं, "कसं जमलं?" तेव्हा चंद्रभान म्हणाला, "छपाई सुबक हाये." आयुष्यात याहून मोठी स्तुती त्याने कुठल्या पुस्तकाची केली नव्हती.

रंगीत तालीम भर दुपारी झाली, कारण पेट्रोमॅक्स मंडईच्या दिवशीच भाड्याने येणार होते. कापणी टाकून सगळं गाव तालमीला बसलं होतं. एका बाजूला बाया, एका बाजूला माणसं, पुढे खुर्चीत भैयाजी. दोन अंक चंद्रभानने दात आवळून काढले. तिसऱ्या अंकात इश्वर शिंपी खाटेवर पडला. चंद्रभानने पडद्याआडून त्याचं वाक्य दिलं आणि इश्वरने ते बारीक आवाजात म्हटलं:

"मी तुमच्या घरात पाहुणी म्हणूनच राहिले. निदान आता पाहुणीला दारापर्यंत पोचवायला तरी या."

घाईने वाचताना नजरेतून निसटलेलं हे वाक्य बाकीच्या नाटकासारखं नव्हतं, हे चंद्रभानच्या कानाला लगेच कळलं. भैयाजींच्या हातून असं वाक्य उतरणं शक्यच नव्हतं. आणि त्याने ते कुठेतरी वाचलेलं होतं. दोन अंकांची साचलेली चीड त्याच्या तोंडातून बाहेर पडली.

"हे कोण्या पुस्तकातून उचललं, तेवढं खाली लिहाचं राह्यलं."

तुलाराम खाटेजवळ गुडघे टेकून बसला होता. त्याने मरणाऱ्या बायकोचा हात हातात घेतला आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा रडक्या आवाजात म्हटलं, "हे कोण्या पुस्तकातून उचललं, तेवढं खाली लिहाचं राह्यलं!"

गाव जे हसलं ते थांबेना. मेलेला इश्वरही हसला. माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. बायांच्या बाजूला चंद्रभानची बायको रुखमा तेवढी हसत नव्हती. तिने पदर तोंडावर घेतला होता. आणि भैयाजी खुर्चीतून उठून चालते झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीत बोलावणं आलं. चंद्रभान गेला तेव्हा मुनीम यादोराव आणि दळणाला आलेले चारपाच जण तिथे होते. भैयाजींनी कोणाला बाहेर काढलं नाही.

"ते वाक्य चोरलं म्हंतेस?"

चंद्रभानने रात्रीच माफीची तयारी केली होती. पण प्रश्न वाचनाचा आला आणि त्याची जीभ वळेना. बाकी कशात नाही, पण यात तो चुकत नसे. "वाचलं हाये मी कोठंतरी," तो म्हणाला.

"कोठं?"

"पाहा लागन."

"पाह्य मंग," भैयाजी म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, उलट बसलेला होता. "मंडईपर्यंत पाह्य. दाखवलंस त ते खोली वाचनालयाच्या नावानं लिहून देतो, कायमची. नाई दाखवलंस त दुसऱ्या दिवशी खाली कर. हे सगळे आयकून राहिले."

गावाने याचा अर्थ सरळ लावला. भैयाजींचा लेखकाचा अहंकार दुखावला. चंद्रभाननेही तसाच लावला आणि मनातून तो खूषच झाला. असली पैज म्हणजे त्याच्या घरचंच काम. नाटककार म्हणवून घेणाऱ्या गिरणीवाल्याची चोरी उघडी पाडायची, वर खोली मिळवायची. तो कपाट उघडून बसला.

मग मरणं सुरू झाली. वाक्य मरणाचं होतं, तेव्हा तो प्रत्येक पुस्तकात मरण शोधू लागला, आणि ती काही कमी नव्हती. ऐतिहासिक कादंबरीतला सरदार गळ्यात बाण रुतल्यावर अडीच पानं बोलला. त्यात स्वराज्य, आईचं दूध, घोड्याची निगा, सगळं आलं. "गळ्यात बाण असताना एवढं बोलते, त धडधाकट असताना याच्या घरच्यांनी कसे दिवस काढले," चंद्रभान पुटपुटला. रहस्यकथेतली माणसं नेमकी खुन्याच्या नावाचं पहिलं अक्षर बोलून मरत. एकालाही आडनाव आधी सांगायची बुद्धी होत नसे. संताच्या चरित्रात मरण नव्हतंच, उजेड पडून काम भागलं होतं. शेतकऱ्याच्या कादंबरीत नायकाआधी बैल मेला आणि त्यालाच जास्त पानं मिळाली. आणि क्षयाच्या नायिका! व्हरांड्यात, आरामखुर्चीत, पांढऱ्या साडीत, त्या खोकत होत्या, आणि प्रत्येकीला मरताना बरोबर मावळता सूर्य सापडत होता. खैरटोल्यात क्षयाने माणसं गेली होती. त्यांना सूर्य दाखवायला कोणी खाट बाहेर काढली नव्हती. चंद्रभान एकेक पुस्तक मिटून बाजूला आपटत गेला.

घरी रुखमा त्याच्याशी बोलत नव्हती. ताट पुढे ठेवी आणि पाठ फिरवी. तालमीच्या दिवसापासून हे चाललं होतं. लोकांत शोभा झाली म्हणून रागावली असेल, असं समजून त्यानेही विचारलं नाही.

मंडईच्या आदल्या दुपारी कपाटाच्या तळाशी गुलाबी पुठ्ठ्याची कादंबरी उरली. कोणा एका बाईने लिहिलेली. ही सगळ्या भिकार पुस्तकांची राणी, असं तो म्हणत असे. श्रीमंत घर, गरीब सून, दर प्रकरणाच्या शेवटी उशी भिजलेली. तिच्यात काही निघेल अशी आशा नव्हती म्हणूनच ती शेवटी राहिली होती. त्याने मागून पानं चाळली, आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात ते वाक्य समोर आलं. पाहुणी. दारापर्यंत. शब्दही फारसा इकडचा तिकडे नव्हता.

चंद्रभान उठून उभाच राहिला. त्याला इतका आनंद झाला की पुस्तक काखेत मारून तो तडक भैयाजींकडे निघाला होता. पण वाटेत घर होतं, आणि हा विजय आधी कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. रुखमा अंगणात धान पाखडत होती.

"सापडलं," तो म्हणाला. "आयक." आणि त्याने उभ्या उभ्या ते वाक्य वाचून दाखवलं.

रुखमाच्या हातातलं सूप थांबलं. कितीतरी दिवसांनी ती बोलली. "हे पुस्तकात हाये?"

"अशीच्या अशी ओळ. भैयाजीनं कॉपी मारली."

"भैयाजीनं नाई," रुखमा म्हणाली. "हे बाई बोलली होती. चंद्रभागाबाई. मी पाणी पाजाले बसली होती तिच्यापाशी. भैयाजी महिनाभर तिच्या खोलीत आले नवते, धंदा, राजकारण, त्याहिचं काय चालू राह्यते. त्या दिवशी आले अन् दारातच उभे राह्यले. तवा ती बोलली हे. मंग भैयाजी आत आले अन् तिच्या पायापाशी बसले. ते तिचं आखरी बोलणं होतं."

चंद्रभानने पुस्तक मिटलं.

"तुमी तिले धाडत होते ना पुस्तकं, माह्या हातानं," रुखमा पुढे म्हणाली. "हेच गुलाबी पुस्तक तिच्या उशाशी राहे. दोनदा मांगवलं तिनं. तुमी काय म्हणले होते आठोते? घे म्हणा, बायकाहिले रडाले बरं हाये. ते मी तिले सांगतलं नवतं."

त्याला आठवत होतं. आठवत होतं, हेच त्याला आवडलं नाही.

"आता तुमी भैयाजीले हे दाखवाल," रुखमा म्हणाली. "मंग त्याहिले काय समजन? बायको मरताना आपल्याशी बोलली का पुस्तक बोलली?"

चंद्रभान ओसरीवर बसला. त्याला राग आला होता, पण कोणाचा ते कळत नव्हतं. भैयाजींनी पैज का लावली ते आता त्याच्या डोक्यात शिरलं. तो माणूस अपमानाने उठून गेला नव्हता. तालमीत त्याने ऐकलं की हे पुस्तकातलं आहे, आणि तो घाबरला. त्याला खात्री करून घ्यायची होती. आणि अख्ख्या तालुक्यात ती खात्री देऊ शकेल असा माणूस एकच होता, ज्याने सगळं वाचलं होतं. नाटक भिकार होतं, यात अजूनही शंका नव्हती. पण ज्या पुस्तकाला चंद्रभान रद्दी म्हणत आला, त्यातून एका बाईने आपल्या कामाचे शब्द उचलले होते आणि नवऱ्याला दारातून आत आणलं होतं. चंद्रभानने एवढी पुस्तकं वाचून त्यातलं एक वाक्य रुखमाशी कधी बोलायला वापरलं नव्हतं. ही गोष्ट त्याला फार लागली.

कादंबरी त्याने धानाच्या कणगीत खोल खुपसली आणि रिकाम्या हाताने गिरणीत गेला. यादोराव मुनीम वही लिहीत होता. पैज ऐकलेले दोघंतिघंही तिथेच होते. निकाल ऐकायला थांबले असावेत.

"सापडलं?" भैयाजींनी विचारलं.

"नाई."

"सगळे पाह्यले?"

"सगळे."

भैयाजी थोडे पुढे झुकले. "तिच्या उशाशी एक पुस्तक राहे. गुलाबी पुठ्ठ्याचं. तुह्याच वाचनालयातलं. ते?"

चंद्रभानने आयुष्यभर कमावलेला सगळा तुच्छपणा गोळा केला. तेवढं एकच त्याच्यापाशी होतं.

"ते?" तो म्हणाला. "ते त सगळ्यात भंगार. पह्यल्या पानापासून आखरी पानालोक उश्या भिजून राहिल्या. ते लिहिणारी बाई असं वाक्य सात जन्मात लिहू शकत नाई, भैयाजी. असं बोलाले जगलेलं माणूस लागते. पुस्तकवाल्याहिचं काम नाई ते."

 भैयाजींनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला, आणि चंद्रभानला दिसलं की एवढे दिवस आवळून धरलेला तो चेहरा सैल झाला. ते हळूच म्हणाले, "मंग तिचंच होतं."

"तिचंच."

पण गिरणीत चार माणसं बसली होती आणि शब्द दिलेला होता. धास्तीतून सुटलेल्या माणसाला राग यायला जागा होते, तसा तो भैयाजींना आता आला. त्यांचे डोळे ओले होते आणि आवाज चढला होता.

"साऱ्या गावासमोर माह्या बायकोचे बोल चोरीचे म्हणलास. मोठा वाचणारा म्हणून मिरवतेस. कोणाले चोर म्हणाच्या आधी नीट वाचत जा. मंडई झाली का खोली खाली कर."

यादोराव मुनीम गालात हसला. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट पानठेल्यावर, तळ्यावर, दादाजीच्या कानावर, सगळीकडे जाणार होती. एवढी पुस्तकं वाचून चंद्रभानला एक वाक्य ओळखता आलं नाही.

"चुकलो, भैयाजी," चंद्रभान म्हणाला.

पुस्तकाच्या बाबतीत हा शब्द तो जन्मात पहिल्यांदा बोलला होता, आणि तोही खोटा होता. मग तो कपाट रिकामं करायला गेला.